नवोदित वारसदारांसाठी सूचना

महापुरुषाचा वारसा चालवायचं तुम्ही मनावर घेतलंत, अभिनंदन. त्यातून जोतीराव फुले निवडलेत, म्हणजे पहिल्याच डावात अवघड गडी अंगावर घेतलात. बाकीचे बरेच महापुरुष पुतळ्यात गेले की गप्प होतात. हे गृहस्थ पेशाने कंत्राटदार होते. सरकारी बांधकामात बिलं कशी फुगतात हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं, आणि पैसा कोणाचा नि जातो कुठे हे विचारायची सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. वारसा म्हटला की मांडव आला आणि मांडव आला की पावतीपुस्तक आलं. तेव्हा सुरुवातीपासून जपून.

तारखा

११ एप्रिल जयंती, २८ नोव्हेंबर पुण्यतिथी. सावित्रीबाईंच्या ३ जानेवारी आणि १० मार्च. चारही पाठ असाव्यात, पण नवशिक्याने भर द्यावा तो ११ एप्रिलवर. तीन दिवसांनी बाबासाहेबांची जयंती असते. मांडव एकच, साउंड एकच, वर्गणी एकच. ३ जानेवारीला मुलींना लुगडं नेसवून, कपाळावर आडवी चिरी लावून सावित्री करायची प्रथा आहे. ती चांगली आहे, फोटो उत्तम येतात. फक्त त्या दिवशी शाळेचं स्वच्छतागृह उघडं आहे ना, त्यात पाणी आहे ना, हे एखाद्या सावित्रीने बाहेर येऊन सांगायच्या आत पाहून ठेवावं.

पगडी

हल्ली पाहुण्यांचा सत्कार पुणेरी पगडीऐवजी फुले पगडीने करण्याची पद्धत रूढ होत आहे. यात वैचारिक भूमिका आपोआप स्पष्ट होते, वेगळं भाषण करावं लागत नाही. दोन मापं ठेवावीत. घट्ट बसली तर पाहुणे कार्यक्रमभर कपाळ चोळत बसतात आणि लोकांना वाटतं विचार चालला आहे.

भाषण

भाषण बारा मिनिटांचं असावं. पहिली तीन मिनिटं व्यासपीठावरच्यांची नावं घेण्यात जातात. उरलेल्या नऊ मिनिटांसाठी एक तयार साचा आहे, तो वापरावा: १८४८, भिडे वाडा, मुलींची शाळा, सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि दगड, पिशवीतलं दुसरं लुगडं, टाळ्या. यात कर्मणी प्रयोगाला फार महत्त्व आहे. ‘शेण फेकलं गेलं’, ‘दगड मारले गेले’, ‘घराबाहेर काढलं गेलं’. कोणी फेकलं, कुठल्या धर्मशास्त्राच्या आधाराने फेकलं, हे सांगायला गेलात की सभागृहाच्या डाव्या बाजूला खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागतात आणि मुख्य देणगीदार नेमके तिथेच बसलेले असतात. मराठी व्याकरणाने ही केवढी मोठी सोय करून ठेवली आहे, हे फुल्यांच्या चाहत्यांना जितकं कळतं तितकं पंडितांनाही कळत नसेल.

ज्यांना हे जमत नाही त्यांची पुढे अडचण होते. फुले दांपत्यावरचा हिंदी चित्रपट २०२५ साली ११ एप्रिलला, म्हणजे ऐन जयंतीला लागायचा होता. आक्षेप आले, सेन्सॉर बोर्डाने काही जातीवाचक शब्द बदलायला सांगितले आणि तो दोन आठवड्यांनी पडद्यावर आला. जातीविरुद्ध जन्म घालवलेल्या माणसाची गोष्ट जातीचं नाव न घेता सांगायची, हे कौशल्य एका रात्रीत येत नाही.

‘स्त्रीशिक्षणाचे जनक’ ही पदवी मात्र बिनधास्त वापरावी. ती खरी आहे आणि तिच्या आड बाकीचं सगळं झाकता येतं. जनक म्हटलं की काम झालेलं असतं. मुलगी शिकली, प्रगती झाली, चहा घ्यायला चला.

ग्रंथ

‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ घ्यावं. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेला हा ग्रंथ राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली काढला. सरकारी प्रकाशन, तेव्हा किंमत किरकोळ. जाडजूड आहे, कपाटाच्या काचेतून पाठ चांगली दिसते. काचेचं कपाट घ्यावं आणि किल्ली कार्याध्यक्षांकडे द्यावी.

वाचायचाच हट्ट असेल तर नवशिक्याने ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभीच्या ओळींवर थांबावं. त्या सगळ्यांना पाठ असतात, पाटीवर छापायला बेताच्या लांबीच्या आहेत आणि त्यांत ‘शूद्र’ हा शब्द शेवटी येतो, तोवर श्रोते टाळ्यांच्या तयारीत असतात. त्यापुढच्या पानांत शिरू नये. ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली आहे, एवढं सांगितलं तरी आंतरराष्ट्रीय वातावरण तयार होतं. आतली चर्चा दशावतारांवर आहे, ती आतच राहू द्यावी.

नाटक बसवायचं डोक्यात येईल. ‘तृतीय रत्न’ हे त्यांनी १८५५ साली लिहिलं. एक जोशी एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून नवऱ्यासकट कसा नागवतो आणि शेवटी ती दोघं रात्रीच्या शाळेचा रस्ता कसा धरतात, असं कथानक. ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. म्हणजे १२४ वर्षं ते जसंच्या तसं सुरक्षित होतं. जतन याहून चांगलं कोणी करू शकेल असं मला वाटत नाही, आणि ही किमया साधली ती फुल्यांच्या विरोधकांनी, हे अनुयायांनी लक्षात ठेवावं. तुम्ही ते शाळेच्या गॅदरिंगला बसवलंत आणि त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या दालनात सत्यनारायण असला, तर तीर्थप्रसादाच्या रांगेत मुलांची तोंडं बघवणार नाहीत. त्यापेक्षा कोळीगीत बसवा.

आणि साहित्य संमेलनाच्या मंडपाला त्यांचं नाव द्यायची सूचना कोणी केली, तर ती उत्साहाने उचलून धरा. १८८५ साली रानडे वगैरे मंडळींनी ग्रंथकारांच्या सभेला, म्हणजे याच संमेलनाच्या पूर्वावताराला, बोलावलं, तेव्हा जोतीरावांनी पत्र पाठवून यायला नकार दिला. ज्या सभांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाही त्यांच्याशी आमचा मेळ बसणार नाही, हा त्या पत्राचा आशय. प्रत्यक्ष आले नाहीत, आता बॅनरवर येतील. बॅनरला नकारपत्र लिहिता येत नाही.

नाव देणे

हे या विद्येचं शिखर आहे, म्हणून थोडं सविस्तर.

जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे नेमलेले सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायचं ठरलं. खर्च हजार रुपये. जोतीरावांचं म्हणणं, हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला. ठराव मताला आला तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटेच निघाले. आता तुम्ही जयंतीसाठी रोषणाईची माळ, कमान आणि दोन क्रेन ठरवाल तेव्हा ही गोष्ट कोणाला सांगत बसू नका. कमानीवर मध्यभागी त्यांचा फोटो आणि त्याखाली नगरसेवक, भावी नगरसेवक आणि भावी नगरसेवकांचे बंधू. फोटो बोलत नाहीत म्हणून बरं आहे, नाहीतर या माणसाने हजार रुपयांचे आजचे किती होतात ते तिथेच विचारलं असतं.

त्याहून सरस उदाहरण मंडईचं. पुण्याची अष्टकोनी मंडई १८८६ साली उघडली, तेव्हाचं तिचं नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. या बांधकामावर एवढा पैसा ओतायला नगरपालिकेत विरोध करणाऱ्यांत जोतीराव होते. तेच म्हणणं: शाळांना पैसा नाही आणि इमारतीला आहे. इमारत झाली. पुढे काही दशकांनी तिचं नाव बदलून महात्मा फुले मंडई करण्यात आलं. भाजीची जुडी घासाघीस करून घेणाऱ्या पुणेकराला आज हे सांगितलं तर तो म्हणेल, असेल बुवा. विरोधकाचंच नाव वास्तूला दिलं की विरोध निकाली निघतो, आणि तोही आदरपूर्वक. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी मंडईसमोरून जाताना क्षणभर थांबून मनातल्या मनात टोपी काढावी.

नवशिक्याने एकदम एवढ्या उंचीवर नजर ठेवू नये. चौक, व्यायामशाळा, बस थांबा असं चढत जावं. विद्यापीठ झालेलं आहे, पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव लागलं. तिथे शुल्क किती, वसतिगृहात जागा किती, शिष्यवृत्ती किती महिने उशिरा येते, हे नामविस्ताराच्या विषयपत्रिकेवर नव्हतं आणि तुमच्याही नसावं.

पुतळा

इथे इतिहासातून थोडं शिकण्यासारखं आहे. १९२५ साली पुणे नगरपालिकेत फुल्यांचा पुतळा उभारण्याचा विषय निघाला तेव्हा शहरात रान पेटलं. पत्रकं निघाली, उलट पत्रकं निघाली, जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघालं, त्यावर खटला झाला आणि त्यात बचावाला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. त्या काळच्या विरोधकांचा एक गुण मान्य करावा लागतो. फुले काय म्हणाले हे त्यांना नीट ठाऊक होतं. आता पुतळ्याला कोणीही विरोध करत नाही, सगळे पक्ष हार घेऊन येतात, २००३ पासून संसदेच्या आवारातही पुतळा आहे. मला कधीकधी त्या १९२५ च्या विरोधकांबद्दल आपुलकी वाटते. निदान वाचून विरोध करत होते.

भिडे वाड्याचंही तसंच. मुलींची शाळा जिथे सुरू झाली ती वास्तू वर्षानुवर्षं दुकानांच्या पाट्यांमागे खचत राहिली, वाद कोर्टात राहिला, २०२३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाल्यावर स्मारकासाठी वाडाच पाडण्यात आला. आता स्मारक होईल. स्मारकात ध्वनी-प्रकाश असावा, मूळ वर्गाची प्रतिकृती असावी, हे ठीकच. चालू शाळा असावी असं कोणी सुचवलं तर जागा अपुरी आहे असं सांगावं.

धोक्याचा मजकूर

सर्व नवशिक्यांना कळकळीची विनंती आहे की शिक्षणाबाबतच्या हंटर आयोगापुढचं जोतीरावांचं निवेदन उघडू नये. १९ ऑक्टोबर १८८२ ची तारीख आहे त्याच्यावर. मूळ इंग्रजीत आहे ही जमेची बाजू, पण मराठी करून ठेवणारेही निघाले.

धोका असा की यात घोषणा नाहीत, हिशेब आहे. सरकारचा महसूल येतो तो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही पहिली तक्रार. वरच्यांना शिकवा म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, असं तेव्हा सरकार मानत होतं. किती झिरपलं ते दाखवा, असं हा माणूस आयोगालाच विचारतो. मग मागण्या: निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक होता होईतो शेतकरी वर्गातले घ्या, मुलांत मिसळणारे, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारे. पगार कमीत कमी बारा रुपये, मोठ्या गावात पंधरा-वीस. अभ्यासात मोडी, बालबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आरोग्य, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान, सोबत नमुन्याची शेतं. महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांसोबत बसू देत नाहीत, हेही स्पष्ट लिहिलेलं. मिशीवर ताव मारून म्हणावं असं यात एक वाक्य सापडत नाही, हीच अडचण आहे. भाषणात ‘वाकस’ म्हणून टाळी येत नाही.

सक्तीचा कायदा देशभर अमलात आला १ एप्रिल २०१० ला. मागणीनंतर १२८ वर्षांनी. आपण घाईघाईने काही करत नाही, एवढं तरी यावरून दिसतं.

एक शिफारस मात्र सरकारने मनापासून पाळली. गावच्या शिक्षकाचा मान वाढावा म्हणून त्याला गावाचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल, मुद्रांक विक्री अशी कामं जोडून द्यावीत, असं जोतीरावांनी सुचवलं होतं. आजचा जिल्हा परिषदेचा गुरुजी मतदार याद्या करतो, जनगणना करतो, पोषण आहाराचे तांदूळ मोजतो, ऑनलाइन माहिती भरतो, फोटो अपलोड करतो आणि उरलेल्या वेळात शिकवतो. मान वाढवण्याचा भाग तेवढा राहून गेला. एवढ्या भल्या निवेदनातून नेमकं हेच उचलणारा कारकून कोण असेल, त्याचा शोध घेऊन त्याचाच पहिला पुतळा उभारायला हवा.

हे निवेदन वाचून बिघडलेला माणूस ओळखायचा कसा? तो कार्यक्रमाला येत नाही. तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जातो, जिथे सही करून निघायची रीत आहे, आणि तिथे बसून राहतो. अनुदान किती आलं, दोन वर्गांना मिळून एक शिक्षक का, असं विचारतो. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा असली माणसं वाड्यावस्त्यांवर जाऊन, मधल्या ओढ्याला पावसाळ्यात किती पाणी असतं आणि आठ वर्षांची पोर तो कशी ओलांडणार, ते मोजत बसली होती. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात फुल्यांचा साधा फोटोही सापडायचा नाही. अशांना वारसदार म्हणायचं की नाही, यावर आपल्या संघटनेत अजून निर्णय झालेला नाही.

पूजाविधी

जयंतीला दीपप्रज्वलन करावं, हार घालावा, नारळ वाढवावा का यावर मतभेद आहेत. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला स्थापन झाला आणि त्याच वर्षअखेरीस भटजीवाचून लग्नं लागू लागली. त्यांनी नवे विधी आणि मंगलाष्टकंही रचली. म्हणजे पर्याय तयार आहे. तरीही तुमच्या मुलाचं लग्न निघालं की पत्रिका दाखवून मुहूर्त काढावा. आईची इच्छा होती असं सांगावं. महाराष्ट्रात पुरोगामी माणसाच्या घरात सगळ्या इच्छा आईच्याच असतात. आणि लग्नपत्रिकेवर वरच्या कोपऱ्यात गणपतीच्या शेजारी फुल्यांचं छोटं चित्र टाकायला विसरू नये.

निबंध स्पर्धा

शेवटचा आणि सगळ्यांत नाजूक विषय. प्रसार म्हटला की मुलं आली, मुलं आली की निबंध आला. विषय निवडताना चुकू नका. ‘स्त्रीशिक्षणाचे प्रणेते महात्मा फुले’ हा सुरक्षित. ‘मी सावित्री बोलतेय’ हाही चालतो, कारण सावित्री काय बोलणार हे परीक्षकांनी आधीच ठरवलेलं असतं.

मुलांना स्वतःचं लिहू देण्याचा प्रयोग या दांपत्याच्या शाळेत एकदा झालेला आहे आणि परिणाम सर्वांसमोर आहेत. मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास, तीनेक वर्षं शिकलेली. तिने निबंध लिहिला तो मांग-महारांच्या दुःखाविषयी, आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. शाळेची स्तुती, गुरुजनांचे आभार, सुविचार, यांतलं काही करत न बसता ती सरळ विचारते की वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता. पेशवाईत आमच्या लोकांना इमारतींच्या पायात गाडलं, हे लिहिते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे लिहिते. मराठीतल्या भल्याभल्या निबंधकारांच्या आधीचा हा निबंध आहे.

तुमच्या स्पर्धेतही क्वचित एखादी अशी वही येते. तिच्यात अक्षर बरं असेलच असं नाही. सुरुवातीला प्रस्तावना नसते. बहुधा दुसऱ्या परिच्छेदातच विचारलेलं असतं की आमच्या शाळेला दोनच शिक्षक आहेत, तर जयंतीच्या कमानीला किती खर्च आला. परीक्षकाने वही लगेच बाजूला ठेवू नये, संशय येतो. तीन गुण शुद्धलेखनाचे कापावेत, दोन विषयांतराचे, आणि उत्तेजनार्थ बक्षीस द्यावं. कमानीचं बिल त्या दिवशी कार्यालयात ठेवू नये. आणि प्रमाणपत्रावर वही लिहिणारीचं नाव बिनचूक छापावं, ऱ्हस्वदीर्घासकट, कारण असली मुलं छापलेलं सगळं वाचतात.